एडनचा दाखला

स्लाऊ,
शनिवार, २२ ऑक्टोबर २००५

चि. सौ. बेबी,

आशीर्वाद. तुमची सर्वांची खुशाली पुष्करकडून कळते, म्हणून ती विचारण्यात शाई घालवत नाही. शशिधररावांची शुगर ताब्यात आहे हे ऐकून बरं वाटलं. दिवाळीतही ती तशीच ठेवून दाखवा म्हणावं. माझा पाय सुधारतो आहे. फ्रेम धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते, स्वतःचा चहा स्वतः करते. व्यायाम करून घेणारी मुलगी मंगळवारी येते आणि चार पावलं टाकली की ‘वेल डन’ म्हणते. मी तिला सांगितलं, चालल्याबद्दलची शाबासकी मला एकदा मिळालेली आहे, वर्षाची असताना.

हे पत्र तुझा मुलगाच तुझ्या हातात देईल. शुक्रवारी त्याचं विमान आहे. सोबत एक बंद लिफाफाही देईल. तो पत्र संपेपर्यंत उघडायचा नाही. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून बजावते.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पाय नव्हे.

ताई पडली हे ऐकून तुला राहवेना, म्हणून चौसष्टी उलटल्यावर तू जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढायला गेलीस. तिथल्या साहेबाने शाळेच्या दाखल्यावर ‘जन्मस्थळ एडन’ वाचलं आणि म्हणाला, ‘आजी, जन्म परदेशातला दिसतोय. पुरावा आणा.’ तू म्हणालीस, ‘अहो, मी समोर उभी आहे, आणखी काय पुरावा हवा?’ तो म्हणाला, ‘उभ्या आहात ते दिसतंय. जन्मलात कुठे ते दिसत नाही.’ हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. मग पत्राची घडी केली आणि उशीखाली ठेवली, ती अजून तिथेच आहे. लंडनच्या जुन्या दप्तरात एडनच्या नोंदी सापडतील का, पुष्करला घेऊन तू शोधशील का, असं तू विचारलं आहेस.

शोधायला नको. तुझा दाखला कुठे आहे ते मला माहीत आहे.

पण ते सांगण्याआधी एक स्वप्न सांगते. मी स्वप्नं सांगणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पायाच्या ऑपरेशनला भूल दिली होती. ती उतरताना मी एडनला होते. दुपार होती. आपलं क्रेटरमधलं वरच्या मजल्यावरचं घर, चारी बाजूंनी काळे डोंगर, विझलेल्या ज्वालामुखीच्या तळाशी वसलेलं ते गाव. आईने फरशीवर पाणी शिंपडलं होतं आणि त्या ओल्या फरशीवर आपण दोघी पडलो होतो. तू चारेक वर्षांची, डोकं माझ्या दंडावर. खाली रस्त्यावर शेळ्या कागद खात होत्या, त्याचा आवाज येत होता, कोणी सावकाश पुस्तक चाळावं तसा. पाणीवाल्याचा उंट चालत होता, पण गाडीची चाकं फिरत नव्हती आणि तरी गाडी पुढे जात होती. मिठागरातल्या पांढऱ्या राशी खिडकीपाशी आल्या होत्या. त्यांच्यामागून समुद्रही आला, जिना चढून, आपल्या पायांपर्यंत. तो आपल्याला भिजवत नव्हता. नुसता जवळ येऊन थांबला होता.

मग जिन्यातून कोणीतरी हाका मारायला लागलं. ‘अलका, अलका, डोळे उघड.’

मी तुझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘ती झोपली आहे. उठवू नका.’

हे मी खरोखरच मोठ्याने बोलले, तेही इंग्रजीत. नर्सने मागाहून सांगितलं. हसत होती. म्हणाली, ‘डार्लिंग, तू आम्हाला सांगत होतीस की अलका झोपली आहे. आम्ही म्हटलं, ते तर दिसतंच आहे!’

तिसऱ्या दिवशी पुष्कर आला. पडल्याचं मी त्याला कळवलंच नव्हतं. त्याने फोन केला, तो शेजारच्या गुरमीतने घेतला आणि वॉर्डाचं नाव सांगून टाकलं. द्राक्षं घेऊन आला. ‘मावशी, तुम्ही कशा आहात?’ म्हणाला. सख्ख्या मावशीला ‘तुम्ही’ म्हणतो तुझा मुलगा. चूक त्याची नाही. जुलैत तो इथे नोकरीला आला तेव्हा मी त्याला घरी जेवायला बोलावलं नाही, स्टेशनजवळच्या कॅफेत चहा पाजून परत पाठवलं. तू मनाला लावून घेतलंस. पुढच्या फोनवर नुसतं हवापाणी विचारलंस, त्यावरून मला कळलं.

त्याने पलंगाच्या वरची पाटी वाचली. पुन्हा वाचली.

‘मावशी, इथे आईचं नाव का लिहिलंय?’

‘सासरी ठेवलेलं नाव. आपल्यात बदलतात. तुला ठाऊक नसेल.’

त्याने एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग माझ्या मनगटावरचा पट्टा हातात घेऊन बारकाईने पाहिला.

‘आणि बर्थडे? तोही सासरी ठेवलेला?’

कारखान्यात मी चांगल्या आडदांड बायकांना एका नजरेत गप्प केलेलं आहे. याला करता आलं नाही. त्याला तुझे डोळे आहेत. एवढ्यात गोळ्यांची ट्रॉली आली. इथे गोळी देण्यापूर्वी दर वेळी विचारतात, नाव काय, जन्मतारीख काय. त्याच्या देखत मला सांगावं लागलं, ‘अलका वर्तक. अकरा फेब्रुवारी एकेचाळीस.’ हे वाक्य मी हजार वेळा बोललेली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ते खोटं ओळखणारं माणूस समोर होतं.

नर्स गेल्यावर तो म्हणाला, ‘ओके. मी आईला काही सांगणार नाही. पण दिवाळीला मी घरी जातोय. तेव्हा माझ्या बॅगेत तुमचं लेटर असलं पाहिजे. आईसमोर बसून, हे पोटात ठेवून, मला चकली खाता येणार नाही.’

तेव्हा आता ऐक. आणि हे एकटीने वाच.

एडनचा कारभार पूर्वी मुंबईहून चालायचा. मी सव्वा वर्षाची असताना सरकारने एडन हिंदुस्थानपासून तोडलं आणि थेट राजाच्या हाताखालची वसाहत केली. अण्णा बंदराच्या कचेरीत कारकून. टेबल तेच, खुर्ची तीच, कागदावरचा शिक्का तेवढा बदलला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई बोटीने अलिबागला गेली आणि मी अलिबागची झाले. तुझ्या वेळी लढाई सुरू होती, तांबड्या समुद्रात पाणबुड्या होत्या, बायकामुलांना बोटीवर कोण घेणार? तू एडनच्या सरकारी इस्पितळात झालीस. अण्णा पाहुण्यांना आपली ओळख करून द्यायचे ती आठवते? ‘ही धाकटी राजाची. आणि ही थोरली अलिबागहून आलेली.’ सगळे हसायचे. मीही हसायचे. अण्णांच्या ट्रंकेत एका पाकिटात दोन कागद होते. माझी पत्रिका आणि तुझा दाखला. माझ्या कागदावर हळदीकुंकू होतं, तुझ्या कागदावर सिंह.

एकसष्ट साल. तू आईबरोबर पुण्याला, इंटरच्या वर्गात. मी बी.एस्सी. होऊन परत एडनला आलेली, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी आणि अण्णांना स्वयंपाक करून घालणारी. मला विलायतेला जाऊन पुढे शिकायचं होतं. आपल्या, म्हणजे भारताच्या, कचेरीतून पासपोर्ट काढायचा तर वडिलांची सही आणि कोणाची तरी हमी लागे. अण्णा सही करेनात. पनवेलच्या एका बिजवराची पत्रिका त्यांच्या खिशात होती. ‘आधी लग्न, मग नवऱ्याला विचार,’ म्हणाले. वसाहतीत जन्मलेल्यांचं तसं नव्हतं. राणीची थेट प्रजा. दाखला दाखवायचा, फोटो द्यायचा, सही करायची.

कारण सांगितलं. सबब म्हणून घेऊ नकोस.

मी दोन वेण्या घातल्या आणि तुझा दाखला घेऊन गेले. पंचविशीतली मी विशीतली म्हणून खपले. साहेबाने पान फिरवून बोट ठेवलं, इथे सही. मी तुझं नाव लिहिलं. हात थरथरला नाही. तेच मला अजून खुपतं.

अण्णा स्टीमर पॉइंटला पोचवायला आले होते. शाळेनेच सगळं केलं असं त्यांना वाटलं, किंवा वाटून घेतलं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बोट सुटल्यावर ते धक्क्यावर हात वर करून उभे राहिले. हलवत नव्हते, नुसता वर धरला होता. मागचे डोंगर लहान होत गेले तरी तो हात तेवढाच दिसत होता. असं होत नाही हे मला कळतं. मला तसंच आठवतं.

वर्षभराने परत येईन आणि दाखला ट्रंकेत ठेवीन असं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी इथला कायदा बदलला, वसाहतींतून येणाऱ्यांना अडवायला लागले. आत असलेल्याने बाहेर पडायला भ्यावं असे ते दिवस. मग अण्णा एडन सोडून पुण्याला आले, आणि तुझ्या लग्नाच्या वेळी तुझं पत्र आलं. दाखला सापडत नाही, अण्णांनी तीनदा ट्रंक उपसली, स्वतःला बोल लावत बसले आहेत, जेवत नाहीत. मी उलट टपाली लिहिलं, एडनची दमट हवा, कसर लागली असेल, अण्णांना म्हणावं वाईट वाटून घेऊ नका. ते पत्र मी लिहिलं, बेबी. अण्णा गेले ते आपणच मुलीचा कागद हरवला असं समजून गेले.

रघुवीरशी माझं लग्न त्याच्या मित्राच्या फ्लॅटवर झालं हे तू जाणतेस. पुढचं जाणत नाहीस. मित्राच्या बायकोने ताटात तांदूळ पसरले. रघुवीरने अंगठी हातात घेऊन विचारलं, काय लिहू? त्याच्या आईने पत्राने ‘रेवती’ सुचवलं होतं. मी म्हटलं, ‘आहे तेच लिही.’ तो इतका खूश झाला! बायको पुढारलेली आहे, नाव बदलू देत नाही, असं आयुष्यभर सांगत राहिला. तांदळात त्याने सावकाश तुझं नाव काढलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली पडली होती. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच्या लेखी मी अलका आणि पुण्याची धाकटी बहीण बेबी. तुला चव्वेचाळीस वर्षं मी बेबी लिहीत आले. नातवंडं हसतात, आजीला बेबी म्हणतात म्हणून, असं तू एकदा कळवलं होतंस. तुला तो लाड वाटला. तसं नव्हतं. तुझं नाव मी लिहू शकत नव्हते. या घरात ते दुसरीच एक बाई वापरत होती.

इथे पाकिटावर ‘मिसेस आर. वर्तक’ असंच लिहायची पद्धत आहे, असं मी तुला का सांगितलं ते आता कळलं असेल. तू तीनदा यायचं म्हणालीस. एकदा थंडी पुढे केली, एकदा घर लहान आहे म्हटलं, आणि रघुवीर गेल्यावर तू निघायचीच म्हणालीस तेव्हा फोनवर तुला तोडून टाकलं. ‘मला कोणाची गरज नाही’ हे माझे शब्द. गरज होती. पण गुरमीत रोज सकाळी कुंपणावरून ‘अलकाजी’ म्हणून हाक मारते, आणि तू ‘ओ’ दिली असतीस.

आणि शिक्षणाचं. तुम्ही सगळी मला लॅबोरेटरीतली समजत होता, मी समजू दिलं. बी.एस्सी. माझ्या खऱ्या नावावर, सुलक्षणाच्या नावावर होती. अलका इंटरपर्यंतच शिकलेली. ती पदवी मी कोणाला दाखवणार? इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांची झाकणं तपासायला लागले आणि त्या पट्ट्याची सुपरवायझर होऊन बाहेर पडले. साठाव्या वर्षी निवृत्त केलं तेव्हा मी पासष्टची होते. परवा एक्स-रे पाहून सर्जन म्हणाला, ‘चौसष्टच्या मानाने तुमची हाडं फार म्हातारी आहेत.’ मी म्हटलं, घराण्यातच आहे तसं. कीव करावी म्हणून हे सांगत नाही. तुला सांगायला दुसरं खरं काही माझ्यापाशी नाही, म्हणून सांगते.

लिफाफ्यात तुझा दाखला आहे. घड्यांवर झिजला होता, मागून पातळ कागद लावून घेतला आहे. सिंह अजून नीट दिसतो. तो त्या साहेबाला दाखव आणि म्हणावं, हा घ्या, जन्मले कुठे त्याचा पुरावा.

पण एका तारखेला, एका इस्पितळात, एकच अलका जन्मली. तू हा कागद पुढे केलास की आज ना उद्या दोन अलका समोरासमोर येणार. म्हणून आधी मीच सांगणार आहे. सोमवारी अकरा वाजता हाय स्ट्रीटवरच्या वकीलबाईंकडे वेळ घेतली आहे. गुरमीत गाडीतून नेणार आहे. तिलाही मी काल सांगितलं. ती म्हणाली, ‘तो फिर मैं आपको क्या बुलाऊँ?’ पासपोर्ट जाईल, पेन्शन कदाचित जाईल, घराचं काय होईल ते बाईंनाही फोनवर सांगता आलं नाही. जे व्हायचं ते होऊ दे. या वयात कोणी मला बोटीत घालून परत पाठवेल असं नाही. आणि पाठवायचं तर कुठे, कोण म्हणून?

खरी अडचण तिथेच आहे. बाईंनी विचारलं, तुम्ही सुलक्षणा आहात याला काय आधार? माझी पत्रिका अण्णांच्या ट्रंकेबरोबर गेली. अलिबागच्या सुईणीने कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. कॉलेजचं सर्टिफिकेट आहे, पण ते माझंच हे कोण सांगणार? आई नाही, अण्णा नाहीत. मला सुलक्षणा म्हणून पाहिलेलं माणूस जगात एकच उरलेलं आहे, आणि तिचंच नाव मी घेतलं.

तेव्हा तुझ्यापाशी मागणं आहे. पुण्याच्या कोर्टात जाऊन लिहून दे की सुलक्षणा नावाची एक मुलगी होती, ती तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अलिबागची, आणि ती मी. द्यायचं नसेल तर देऊ नकोस. तो तुझा हक्क आहे, आणि मी दुसऱ्यांदा मागणार नाही. रागाव. चार दिवस पुष्करशीही बोलू नकोस हवं तर. पण त्याला वेळेवर जेवायला घाल, फार वाळला आहे. आज सकाळी दूध आणि पाव घेऊन आला, दारातूनच म्हणाला, ‘मावशी, तू लिहिलंस का?’ ‘तू’ म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला. पुन्हा तीच ओली फरशी, शेळ्यांचा तोच आवाज. या खेपेला जिन्यातून कोणी हाक मारत नव्हतं. समुद्र परत खाली उतरून गेला होता आणि पायऱ्यांवर मिठाची पांढरी रेघ राहिली होती. झोपेत तू माझ्या परकराचा काठ मुठीत घट्ट धरला होतास. मला उठायचं होतं, पण मी हलले नाही.

इतकी वर्षं पत्राखाली नुसतं ‘ताई’ लिहिलं. आज पुरी सही करते. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, हाताला सवय राहिलेली नाही.

अलका, तू येशील तेव्हा दार मी उघडीन, आणि तुझ्या नावाने हाक मारीन.

तुझी ताई,
सुलक्षणा